सिंगापूर: हरलेल्या लढाईचा नकाशा

अप्पर बुकित तिमाह रस्त्यावर फोर्ड कंपनीचा एक जुना कारखाना आहे. इथे मोटारींची जुळणी व्हायची. १९४१ मध्ये तो सुरू झाला आणि वर्षही पुरं होण्याआधी युद्धाने त्याचा ताबा घेतला. १५ फेब्रुवारी १९४२ च्या संध्याकाळी याच कारखान्यातल्या बैठकीच्या खोलीत ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांनी जपानी सेनापती यामाशितापुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. खोली जपून ठेवली आहे, मात्र मूळ टेबल ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या युद्धस्मारकात गेलं. इथे दिसते ती त्याची प्रतिकृती.

सही झाली तेव्हा बेटावर ब्रिटिशांच्या बाजूचे ऐंशी हजारांहून अधिक सैनिक होते. समोरचे जपानी त्यांच्या निम्म्यानेही नव्हते आणि त्यांचा दारूगोळा संपत आला होता. यामाशिताने ते कळू दिलं नाही. आपल्याकडे अजूनही ऐकू येतं की सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या आणि शत्रू मागच्या दाराने आला. गोष्ट सोपी आहे म्हणून टिकली. चांगीजवळच्या जोहोर बॅटरीतल्या पंधरा इंची तोफांपैकी काही जमिनीकडे वळवून डागल्याही गेल्या, पण त्यांचे बहुतेक गोळे जहाजांचं चिलखत फोडण्यासाठी बनवलेले होते. पायदळावर त्यांचा फारसा परिणाम होत नसे. शिवाय बाँबफेकीने शहराच्या जलवाहिन्या फुटल्या होत्या आणि दहा लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर कोंडली गेली होती. पर्सिव्हल यांच्या निर्णयात पाण्याचा वाटा तोफांपेक्षा मोठा होता.

जपानी सैन्य ८ फेब्रुवारीच्या रात्री वायव्येच्या सरिंबुन किनाऱ्यावर उतरलं. तिथून ते शहराकडे कसं सरकलं हे समजून घ्यायचं तर पासिर पांजांगची टेकडी चढावी. बुकित चांडू, म्हणजे अफूची टेकडी. इथे मलाय रेजिमेंटच्या तुकडीने लेफ्टनंट अदनान सैदी यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली. एका जुन्या वसाहतकालीन बंगल्यात त्याचं छोटं संग्रहालय आहे. सेंटोसावरच्या फोर्ट सिलोसोला गर्दी जास्त, पण मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा सिलोसो सोडावा, चांडू सोडू नये.

क्रांजीला मात्र अर्धा दिवस द्यायलाच हवा. बेटाच्या उत्तरेला, जोहोरच्या सामुद्रधुनीजवळ हे राष्ट्रकुल युद्धस्मारक आहे. उतारावर साडेचार हजारांच्या आसपास कबरी आहेत. त्यांपैकी साडेआठशेहून अधिक अनोळखी सैनिकांच्या. माथ्यावर विमानाच्या पंखासारखं छत आणि त्याखाली भिंतींच्या रांगा. ज्यांना कबर मिळाली नाही अशा चोवीस हजारांहून अधिक जणांची नावं या भिंतींवर पलटणींनुसार कोरलेली आहेत. आपल्याकडचा माणूस तिथे पोचला की गोऱ्या नावांवरून नजर आपसूक पुढे सरकते आणि पंजाब, जाट, गढवाल, गुरखा, हैदराबाद अशा पलटणींपाशी थांबते. सिंह, खान, राम: नाव वाचून गाव ताडावं इतकी ओळखीची. स्मारकामागे आणखी एक छोटं स्मारक आहे. धर्मानुसार दहन झालेल्या जवळजवळ आठशे सैनिकांचं, त्यांत बहुसंख्य अविभाजित भारताच्या सैन्यातले. बरेच जण तिथवर न जाताच परत फिरतात.

आता शहरात. मुस्तफा या खरेदीच्या दुकानातून पिशव्या भरून बाहेर पडणाऱ्या मराठी पर्यटकांना फेरर पार्क हे मेट्रो स्थानकाचं नाव म्हणून पाठ असतं. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, तिथल्या मैदानावर चाळीस हजारांहून अधिक हिंदी युद्धकैदी जमवले गेले आणि ब्रिटिशांनी त्यांना जपान्यांच्या हवाली केलं. तिथून वाटा फुटल्या. काही कॅप्टन मोहनसिंग यांच्याबरोबर आझाद हिंद सेनेत गेले. ज्यांनी नकार दिला त्यांतल्या अनेकांना न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला धाडलं गेलं आणि कित्येक तिथेच संपले. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांत लेफ्टनंट कर्नल जगन्नाथराव भोसले होते, सावंतवाडीकडचे. सुभाषबाबूंच्या सेनेत ते अगदी वरच्या फळीत पोचले आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. मुंबईत मंत्रालयाजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे; रोज त्यावरून ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना फेरर पार्क आठवत असेल, शंकाच आहे.

पाडांगच्या मैदानावर ५ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबूंनी या सेनेपुढे भाषण केलं. समोरच एस्प्लनेड पार्क आहे आणि सगळा गुंता तिथे एकत्र दिसतो. १९२२ सालचा सेनोटाफ ब्रिटिश साम्राज्यासाठी पडलेल्यांचा. थोड्या अंतरावर लिम बो सेंग यांचं १९५४ सालचं स्मारक. जपान्यांविरुद्ध गुप्तपणे लढताना ते पकडले गेले आणि १९४४ मध्ये तुरुंगात वारले. त्याच बागेत आझाद हिंद सेनेच्या स्मारकाच्या जागेचा फलक आहे. ८ जुलै १९४५ रोजी सुभाषबाबूंनी त्या स्मारकाची कोनशिला बसवली. सप्टेंबरात ब्रिटिश परतले आणि माउंटबॅटन यांच्या हुकमाने ते सुरुंग लावून उडवलं गेलं. फलक आला १९९५ मध्ये. एकमेकांविरुद्ध लढलेल्यांना इतक्या जवळ जवळ जागा देणारं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही.

रस्ता ओलांडला की बीच रोडवर नागरिक युद्धस्मारक. चार उंच पांढरे खांब. स्थानिक लोक त्यांना गमतीने चॉपस्टिक्स म्हणतात. चिनी, मलाय, भारतीय आणि इतर, अशा चार समाजांचे ते चार खांब. ताबा मिळताच जपान्यांनी चिनी पुरुषांची वेचून कत्तल केली. १९६२ मध्ये सिगलाप भागात त्यातल्या सामूहिक कबरी सापडल्या आणि त्या अस्थी इथे पुरल्या. उद्घाटन १९६७ चं, तारीख पुन्हा १५ फेब्रुवारी. दरवर्षी त्या दिवशी इथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो.

जायचं असेल तर सिटी हॉलहून क्रांजीला मेट्रोची एकच गाडी जाते. पुढे दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. उतारावर सावली फार नाही, म्हणून सकाळीच निघावं आणि दुपार फोर्ड कारखान्याच्या आत काढावी.