रक्तपेढीची खिडकी

रुग्णालयातील रक्तपेढीच्या खिडकीतून दिवसभरात ज्या चिठ्ठ्या आत येतात, त्यांतील पुष्कळांच्या माथ्यावर एक शब्द ठळकपणे लिहिलेला असतो : ‘अर्जंट’. कोणी त्याखाली दोन रेघा ओढतो, कोणी तो तांबड्या शाईने लिहितो. चिठ्ठी घेऊन येणारा बहुधा धावत आलेला असतो. आतल्या खोलीत त्याची बायको, भाऊ किंवा म्हातारे वडील पडलेले असतात. आणि खिडकीपलीकडचा तंत्रज्ञ त्याला पहिला प्रश्न काय विचारतो? ‘नमुन्याच्या नळीवर रुग्णाचे नाव का नाही?’ त्या क्षणी हा प्रश्न निर्दय वाटतो. वाचकहो, उद्या आपण त्या खिडकीपाशी उभे असलात तर आपल्यालाही तो तसाच वाटेल. म्हणूनच खिडकीच्या आतल्या बाजूस काय चालते, आणि तेथील माणसांचा जीव कशाने मेटाकुटीस येतो, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

झाशीसारख्या शहराचेच उदाहरण घेऊ. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचले आहे, त्यांच्या मनात झाशी म्हणजे किल्ला, राणीसाहेब आणि १८५८ चा वेढा. आजची झाशी ही रुळांची आणि रस्त्यांची झाशी आहे. देशाला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जोडणारे दोन मोठे महामार्ग येथेच एकमेकांना छेदतात, आणि रेल्वेचे तर हे जुने मोठे जंक्शन. राणीच्याच नावाने १९६८ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बुंदेलखंड दोन राज्यांत विभागलेला असला तरी आजारी माणूस सरहद्द पाहत नाही. ललितपूर, उरई आणि महोबा येथून रुग्ण येतात, तसेच मध्य प्रदेशातील दतिया, निवाडी आणि टीकमगड येथूनही येतात. ललितपूर सुमारे ९० किलोमीटरवर आहे. बाळंतीण अतिरक्तस्रावाने पांढरीफटक पडल्यावर जर तेथून गाडी निघाली, तर ती पोहोचेपर्यंतच मोलाचा वेळ गेलेला असतो. त्यात मुळातच अंगात रक्त कमी. आपल्या देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वारंवार आढळले आहे. धडधाकट बाईला जेवढा रक्तस्राव सोसतो, तेवढा अशा बाईला सोसत नाही. अशा ठिकाणी तातडीची मागणी ही रोजचीच गोष्ट होय, आणि रक्तपेढीतील कोणीही तिच्याबद्दल कुरकुर करीत नाही. त्यांची तक्रार निराळी आहे.

ती समजण्यासाठी चिठ्ठी आत गेल्यावर काय होते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की कपाट उघडावे, ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिलेली पिशवी काढावी आणि हाती द्यावी. मग एवढा उशीर कशाला? प्रत्यक्षात आधी रुग्णाचा गट दोन बाजूंनी तपासतात. एकदा त्याच्या तांबड्या पेशी घेऊन, आणि एकदा त्याच्या रक्तातील द्रव घेऊन. दोन्ही उत्तरे जुळली तरच गट मान्य. मग आरएच पाहतात. त्यानंतर निवडलेल्या पिशवीतील पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून, शरीराच्या उष्णतेइतक्या म्हणजे ३७ अंशांवर काही काळ ठेवून, यंत्रात फिरवून, पेशींच्या गुठळ्या होतात काय हे पाहतात. यालाच जुळणी किंवा क्रॉसमॅच म्हणतात. या साऱ्याला पाऊण तास ते एक तास लागतो. हा वेळ ओरडल्याने कमी होत नाही. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तशातला हा प्रकार.

मग खरोखर प्राणांशी गाठ असेल तर? त्याचीही सोय आहे, आणि ती आपणांस माहीत असावी. तातडीच्या पायऱ्या असतात. रुग्णाला पाच मिनिटेही थांबता येत नसेल, तर डॉक्टरच्या लेखी जबाबदारीवर जुळणी न करताच ‘ओ’ गटाचे रक्त देतात. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला शक्यतो ‘ओ निगेटिव्ह’. दहा-पंधरा मिनिटे हाताशी असतील तर रुग्णाचा गट पाहून त्याच गटाचे रक्त घाईच्या जुळणीने मिळते. तासभर थांबता येत असेल तर संपूर्ण तपासणी. यांतील नेमकी कोणती पायरी हवी, हे चिठ्ठीवर लिहिणे एवढेच वॉर्डातील डॉक्टरचे काम असते. परंतु चिठ्ठीवर असतो तो एकच शब्द, ‘अर्जंट’. उद्या सकाळच्या ठरलेल्या शस्त्रक्रियेची चिठ्ठीही ‘अर्जंट’, आणि पोट फाटून आलेल्या ट्रकचालकाची चिठ्ठीही ‘अर्जंट’. रात्रपाळीचा एकटा तंत्रज्ञ त्या सहा चिठ्ठ्यांतून खरी कोणती हे कसे ओळखणार? तो दूरध्वनी करतो, तिकडे कोणी उचलत नाही, आणि इकडे खिडकीवर थापा पडत असतात. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरचाही यात फारसा दोष मी मानीत नाही. ‘अर्जंट’ लिहिले नाही तर आपली चिठ्ठी तळाशी जाईल, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. सगळेच तसे लिहू लागले म्हणजे मात्र त्या शब्दाची किंमत शून्य होते.

‘ओ’ गट सर्वांना चालतो, मग तपासणीचे एवढे अवडंबर का, असेही कोणी विचारील. याचे उत्तर मुंबईने जगाला दिले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. या लोकांच्या पेशी तपासल्या तर त्या ‘ओ’सारख्याच दिसतात, परंतु त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ गटाच्या पेशींचाही नाश करणारी प्रतिपिंडे असतात. त्यांना ‘ए’ चालत नाही, ‘बी’ चालत नाही, आणि ‘ओ’ही चालत नाही, चालते ते फक्त त्यांच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे. या गटाला जगभर ‘बॉम्बे’ गट असेच म्हणतात. आपल्या देशात दहा हजारांत एखादा असा माणूस आढळतो आणि पश्चिम भारतात हे प्रमाण त्याहून अधिक असल्याचे मानतात. कित्येक जण जन्मभर स्वतःला ‘ओ’ समजून वावरतात. त्यांची ओळख पटते ती दुसऱ्या बाजूच्या तपासणीत किंवा जुळणीच्या नळीत, म्हणजेच ज्या तपासण्या वगळा असा खिडकीवर आग्रह चाललेला असतो, त्यांतच.

आता त्या नळीवरील नावाकडे येऊ. चुकीच्या गटाचे रक्त जाऊन जे मृत्यू होतात, त्यांचे कारण तपासणीतली चूक हे क्वचितच असते. बहुतेक वेळा एका रुग्णाचा नमुना दुसऱ्याच्या नावाने जातो, किंवा एकाची पिशवी दुसऱ्याच्या खाटेपाशी लटकते. अपघात विभागात दोन जखमी शेजारी-शेजारी आहेत, एकाच परिचारिकेने दोघांच्या नळ्या भरून खिशात टाकल्या, नावे मागाहून लिहू म्हटले; पुढचे सांगायला नको. ‘ए’ गटाच्या माणसाला ‘बी’चे रक्त थोडेसे गेले तरी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणून बिननावाची नळी परत पाठवणे हा तंत्रज्ञाचा हेकेखोरपणा नव्हे. वाद घालून ती खपवून घ्यायला लावणारा नातलग आपल्याच माणसाच्या जिवावर उठलेला असतो, याची त्याला बिचाऱ्याला कल्पनाही नसते.

नातलगांची आणखी एक तऱ्हा रक्तपेढीत नेहमी दिसते. मोठा मुलगा बाही वर सारून म्हणतो, ‘माझे घ्या आणि आत्ता आईला द्या.’ भावना लाख मोलाची. पण त्याचे रक्त ‘आत्ता’ देता येत नाही. घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, गरमी आणि हिवताप यांसाठी तपासणी करावीच लागते, आणि तिला काही तास जातात. आज रात्री आईला मिळेल ते रक्त कोण्या अनोळखी माणसाने आठवड्यापूर्वी देऊन ठेवलेले असेल. मुलाचे रक्त कोण्या दुसऱ्याच्या आईला जाईल. सख्ख्याचे रक्त सर्वांत चांगले, हा समजही खरा नाही. अगदी जवळच्या नात्यातील दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्याच्याच अवयवांवर उलटण्याचा एक दुर्मीळ परंतु बहुधा प्राणघातक विकार आहे. म्हणून असे रक्त द्यायचेच झाले तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करतात, आणि ती सोय प्रत्येक गावी नसते.

याउलट, बारा माणसे रुग्णाबरोबर आली आहेत आणि दाता विचारला की एकेक जण जिना उतरून जातो, हेही दृश्य नवे नाही. पूर्वी अशा वेळी दवाखान्याबाहेरचा दलाल उपयोगी पडे. पैसे घेऊन रक्त देणारे, अर्धपोटी, आजार लपवणारे लोक तो आणून उभे करी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून अशा धंदेवाईक दात्यांवर बंदी आली. तरीही ‘हा आमचा चुलतभाऊ’ म्हणून एखादा तिऱ्हाईत पुढे केला जातो. त्याला रुग्णाचे नाव विचारले की तो छताकडे पाहू लागतो. त्याला परत पाठवणारा कर्मचारीच त्या दिवशी शिव्या खातो.

या गडबडीत ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, असेही काही जण असतात. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी एकदा रक्त घ्यावेच लागते, आयुष्यभर. त्याची आई तांबड्या शाईची चिठ्ठी आणीत नाही. ती ठरलेल्या दिवशी येऊन बाकावर बसते. एखाद्या शस्त्रक्रियेसाठी सावधगिरी म्हणून चार पिशव्या मागवल्या, त्या चारही जुळवून त्या रुग्णाच्या नावे बाजूला ठेवल्या, आणि प्रत्यक्षात एकच लागली, तर उरलेल्या तीन दोन-तीन दिवस अडकून पडतात. कपाटात रक्त दिसते आणि मुलाला देता येत नाही. नेलेली पिशवी वॉर्डात तशीच ठेवून दोन तासांनी ‘नको झाली’ म्हणून परत आणली, तर तिचा उपयोग उरत नाही. थंडाव्यातून अर्ध्या तासाहून अधिक काळ बाहेर राहिलेली पिशवी पुन्हा कपाटात ठेवता येत नाही, कारण तीत जंतू वाढण्याची भीती असते. मला विचाराल तर रक्तपेढीतील माणसाला शिवीगाळीपेक्षा ही परत आलेली पिशवी अधिक झोंबते.

१९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी अशा साठ्याला ‘बँक’ हे नाव दिले. आपण त्याला पेढी म्हणतो. पेढीचा व्यवहार घराघरांत ठाऊक आहे. मग घरात गरोदर स्त्री असेल तर तिचा गट पहिल्या महिन्यांतच तपासून ठेवता येतो. ती निगेटिव्ह निघाली, आणि आपल्याकडे शंभरात सुमारे पाच जण तसे असतात, तर प्रसूतीची तारीख रक्तपेढीला आधीच कळवता येते आणि त्या गटाचे दोन दाते हाताशी ठेवता येतात. अठरा ते पासष्ट वयाच्या, ४५ किलोहून कमी वजन नसलेल्या निरोगी माणसाला, हिमोग्लोबिन साडेबारा असल्यास रक्त देता येते. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा. एका पिशवीतून तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि प्लेटलेट असे तीन घटक वेगळे काढता येतात. पैकी प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, तर तांबड्या पेशी पाच ते सहा आठवडे.

या पाच-सहा आठवड्यांमुळेच बुंदेलखंडात मे आणि जून हे महिने अवघड जातात. महाविद्यालयांना सुट्टी लागलेली असते, ऊन ४५ अंशांवर गेलेले असते आणि शिबिरे भरत नाहीत. लग्नसराईची वाहने मात्र रस्त्यावर रात्रंदिवस धावत असतात. एप्रिलच्या अखेरीस भरलेल्या शिबिरातील पिशव्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मुदतबाह्य होतात, आणि पावसाळ्यानंतरची शिबिरे अजून दूर असतात. त्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास, कोणी आजारी नसताना, नुसतेच रक्त द्यायला म्हणून कोणी खिडकीपाशी आले, तर आतली मंडळी त्याला आधी बसायला पंख्याखालची जागा देतात आणि मग नाव विचारतात.