वाफेचा नांगर आणि नगरचा रणगाडा

वाफेच्या नांगराची इंजिने शेतात उतरतच नाहीत. दोन्ही बांधांवर समोरासमोर एकेक इंजिन उभे राहते. बॉयलरखाली आडव्या बसवलेल्या रहाटाला पोलादी दोर गुंडाळलेला असतो. एक इंजिन दोर ओढते, दुसरे सोडते, आणि मधला नांगर शेत ओलांडतो. टोकाला तो वळवावा लागत नाही. झुलत्या फळीसारखा असल्याने एका बाजूचे फाळ उचलले की दुसऱ्या बाजूचे खाली येतात. मग दोन्ही इंजिने एका पट्ट्याएवढी पुढे सरकतात. चालकांचे बोलणे शिट्टीतूनच चालते.

हा खटाटोप वजनापायी होता. पंधरा-वीस टनांचे धूड नांगरटीत रुतले असते, नाहीतर त्याने जमीन दाबून टाकली असती. नगरच्या काळ्या, पावसात चिकट होणाऱ्या मातीत तर बैलगाडीचे चाकही अडते.

इंग्लंडमधील जॉन फाउलर यांना वाफेच्या नांगरासाठी 1858 मध्ये तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे 500 पौंडांचे बक्षीस मिळाले. त्यांचा कारखाना लीड्सला होता. ट्रॅक्टर आल्यावर यातली बहुतेक इंजिने भंगारात गेली. उरलेली हौशी मंडळींनी दुरुस्त करून इंग्लंडमधील डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेसारख्या जत्रांत पुन्हा चालवली.

जड यंत्र रुतू नये यावरचा दुसरा उपाय म्हणजे साखळीपट्टा. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात तो जागोजागी दिसतो. तिथे ब्रिटिश ‘मटिल्डा’ रणगाडाही आहे. दुसऱ्या महायुद्धात हे रणगाडे बनवणाऱ्या कारखान्यांत लीड्सचा फाउलर कारखानाही होता.