पाणी महाल आणि पेशीची भिंत

आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात त्या धरणाच्या भिंतीच्या पोटातच पाणी महाल बांधला गेला. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि आत उभा असलेला माणूस कोरडाच राहतो.

परवा मगरिबनंतर माझी भाची पुस्तक घेऊन आली. ती अकरावी सायन्सला आहे. "खाला, पेशीच्या पटलात प्रथिनं असतात, हे पाठ झालं. पण ती त्यात बसतात कशी?"

फळ्यावरच्या दोन रेषांनी हे समजत नाही. मी तिच्या अब्बांचा मोबाइल मागितला. "अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल नको," असं त्यांचं मत, तरी दिला.

१९७१ साली सुरू झालेल्या 'प्रोटीन डेटा बँके'त प्रथिनांच्या रचना कुणालाही मोफत पाहता येतात. आम्ही 'अॅक्वापोरिन' उघडलं. पेशीत पाणी ये-जा करण्याचा हा दरवाजा. तो शोधणाऱ्या पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार नळ्या एकमेकींना चिकटलेल्या. एकेका नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात.

बोटानं चित्र फिरवता फिरवता ती म्हणाली, "पण यात पटल कुठंय?"

बरोबर पकडलं पोरीनं. अभ्यासासाठी प्रथिन वेगळं काढताना पटलाचा मेद साबणासारख्या द्रव्यानं धुऊन टाकावा लागतो. म्हणजे धरण काढून नुसता महाल समोर ठेवल्यासारखं. मग त्याची जागा कशी कळणार?

आम्ही रंग बदलले. पाण्यापासून दूर राहणारे भाग एका रंगात, पाणी आवडणारे दुसऱ्या. प्रथिनाच्या कमरेभोवती पहिल्या रंगाचा पट्टा उमटला. पटलाचा आतला तेलकट थर सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. हा पट्टा त्याच थरात बसतो. वरची आणि खालची टोकं पाण्यात राहतात. मिशिगन विद्यापीठाच्या 'ओपीएम' या संग्रहात गणितानं ही जागा ठरवून पटलाच्या दोन्ही कडा ठिपक्यांनी दाखवतात: बाहेरची लाल, आतली निळी.

"म्हणजे महाल भिंतीतच!" ती ओरडली.

तिचे अब्बा कधी मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही. "हे माझ्या अंगातही आहे?" त्यांनी विचारलं.

"भाईजान, तुमच्या रक्ताच्या तांबड्या पेशीत आहे, किडनीतही आहे."

मोबाइल परत मागायला ते आले होते. न मागताच शेजारी बसले.

तुमच्या घरी सायन्सची मुलगी असेल, तर तिलाही अर्धा तास द्या. जमल्यास शेजारी बसा.