मायभूमी कोणाची? बाबासाहेबांच्या एका उद्गाराचा अर्थ

आपल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात, वसतिगृहात आणि नोकरीच्या ठिकाणी एक टोमणा हमखास ऐकावा लागतो. तुमच्या नेत्यानेच आपल्याला मायभूमी नाही असे सांगितले होते, मग तुम्हाला देशाविषयी आस्था कोठून असणार? याच्या उलट, आपल्यातीलच काही तरुण त्याच उद्गाराचा आधार घेऊन म्हणतात की, या देशाशी आपले काही देणेघेणे नाही. टोमणा मारणारा आणि पाठ फिरवणारा, दोघेही तो उद्गार अर्धाच वाचतात. म्हणून तो पूर्ण समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रसंग १४ ऑगस्ट १९३१ चा. मुंबईतील मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजी यांची भेट झाली. पहिल्या गोलमेज परिषदेतील कामाचे वृत्त कानी आल्यावरून गांधीजींनी बाबासाहेबांना अस्सल देशभक्त म्हटले. त्यावर बाबासाहेब म्हणाले की, आपल्याला मायभूमीच नाही. ज्या भूमीत आपल्या माणसांना कुत्र्यामांजरापेक्षा हीन वागवले जाते, प्यायला पाणी मिळत नाही, तिला आपली कसे म्हणावे, असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्याच दिवशी ते दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने लंडनला निघाले.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हेच बाबासाहेब १९३० च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये उभे राहून इंग्रज सरकारला सुनावून आले होते. दीडशे वर्षांच्या तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती बदलली नाही, आता लोकांचे राज्य हवे, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे मायभूमी नाही म्हणणारा माणूस परक्या सत्तेचा भाट नव्हता. त्यांची तक्रार देशाविरुद्ध नव्हती. देशाच्या नावाखाली माणसाला माणूसपण नाकारणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध ती होती.

आपल्या वऱ्हाडाचेच उदाहरण घ्या. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. कागदोपत्री मालक निजाम, राज्य मात्र इंग्रजांचे. पण महारवाड्याला या अदलाबदलीचे काय? गावकीची राबणूक तीच, पाणवठ्यावरची मनाई तीच आणि देवळाचे बंद दारही तेच. राज्यकर्ते बदलले तरी ज्याचे जिणे बदलत नाही, त्याने निष्ठा कोणाला वाहावी?

ते बंद दार ठोठावण्याचे काम अमरावतीत झाले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावल्यानंतर, त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीत वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता बाबासाहेबांना येथेच कळली, तरी परिषदेचे काम त्यांनी पार पाडले. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारखे सवर्ण तरुणही या लढ्याच्या बाजूने उभे होते. ज्यांना देश सोडून द्यायचा असतो ते दारे ठोठावीत नाहीत. घरावर ज्याचा हक्क आहे, तोच दार उघडा म्हणतो.

आता बाबासाहेबांची पुढची दोन विधाने पाहू. एप्रिल १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी सांगितले की, धर्म, प्रांत वा भाषा यांची निष्ठा भारतीयत्वाच्या आड येता कामा नये. माणूस आधी भारतीय असावा आणि शेवटीही भारतीयच असावा. ऑक्टोबर १९३९ मध्ये त्याच सभागृहात ते म्हणाले की, माझे हित आणि देशाचे हित यांत विरोध आला तर मी देशाला अग्रक्रम देईन, पण देश आणि अस्पृश्य समाज यांत विरोध आला तर अस्पृश्य समाजाला अग्रक्रम देईन. वरवर पाहता ही विधाने एकमेकांना छेद देतात. तथापि खोलात गेल्यास त्यांतील सूत्र एकच दिसते. स्वतःचा स्वार्थ देशासाठी सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या पिळलेल्या लोकांच्या हक्कांवर पाणी सोडून देशभक्त म्हणवून घेण्याचा अधिकार त्यांच्या प्रतिनिधीला नाही.

असे बोलणारे बाबासाहेब जगात एकटे नव्हते. अमेरिकेत गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत, आपल्याला देश नाही आणि देशभक्तीही नाही, असे जाहीर सांगितले. पुढे यादवी युद्ध पेटले तेव्हा याच डग्लस यांनी कृष्णवर्णीयांना संघराज्याच्या सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले. त्यांचे दोन पुत्रही त्या सैन्यात गेले. गुलामगिरी मोडण्याची शक्यता दिसताच देश आपला वाटू लागला.

बाबासाहेबांनी तर त्याहून मोठे काम केले. नसलेली मायभूमी त्यांनी कायद्याने घडविण्याचा प्रयत्न केला. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरातील भेदभावाला मनाई केली. मणिभवनात मांडलेली पाण्याची तक्रार अशी देशाच्या मूलभूत कायद्यात उत्तर म्हणून उतरली. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र होऊ शकत नाहीत, जाती या राष्ट्रविरोधी आहेत. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरवरचा रंग ठरेल. धर्मांतर करतानाही त्यांनी याच मातीतला धम्म निवडला. १३ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पत्रकारांशी बोलताना त्यांनी गांधीजींना पूर्वी दिलेल्या शब्दाची आठवण काढली. देशाला कमीत कमी धक्का लागेल असाच मार्ग आपण निवडू, असा तो शब्द होता.

विद्यार्थी मित्रांनो, २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडासारख्या घटना घडल्या की मन विटते, आणि हा देश आपला नाही असे वाटू लागते. त्या वाटण्याला देशद्रोह म्हणणे हा अन्याय आहे. आज आपली मुले शासनाची शिष्यवृत्ती घेऊन परदेशी विद्यापीठांत जातात. तेथे जात न विचारणारा शेजारी भेटला, तर तो देश जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. बाबासाहेबांनीही न्यूयॉर्कमध्ये असा मोकळा श्वास घेतला होता. पण ते परत आले. परत आल्यावर बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, तरी ते कामाला लागले.

म्हणून देशावर प्रेम करा, असा कोरडा उपदेश कोणी कोणाला करू नये. आस्था हुकुमाने उत्पन्न होत नाही, ती माणुसकीच्या वागणुकीतून उगवते. ज्यांच्या हाती सत्ता आणि प्रतिष्ठा आहे त्यांनी आपल्या देशबांधवाला हा देश आपला वाटेल असे वागावे. आणि आपण? आपण हक्क सोडू नये, संविधान वाचावे आणि बंधुतेची सुरुवात आपल्या वस्तीपासून, आपल्यातल्या पोटभेदांपासून करावी. मायभूमी आयती मिळत नसेल तर ती घडवावी लागते. बाबासाहेबांच्या त्या उद्गाराचा उरलेला अर्धा भाग हाच आहे.

जयभीम!