स्वतःचे विचारावे, दुसऱ्याचे उकरू नये

वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे. शेजारी भांडे पडले तरी आपल्याला ऐकू येते. अडीअडचणीला हाच शेजार धावून येतो, पण याच जवळिकीत आपण एकमेकांना काहीही विचारतो. नळावर नव्या सुनेला, "दोन वर्षं झाली की गं, अजून पाळणा नाही? दोष कुणात हाय?" तिशीतल्या मुलाला, "लगीन का करत नाहीस? तसलं काही नाही ना?" विचारणाऱ्या मावशी मनाने वाईट नसतात. ऐकणारी मात्र दुसऱ्या दिवसापासून पाण्याची वेळ बदलते. पुढे हीच भीती दवाखान्यातही तोंड उघडू देत नाही. अंगावरून पांढरे जाणे, लघवीची जळजळ, खालच्या जागेवरची जखम महिनोन्‌महिने लपवली जाते.

मग या विषयावर बोलायचेच नाही का? आम्ही तसे म्हणत नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला. पण ते वाचक स्वतःच्या शरीराबद्दल विचारत होते. नळावर आपण दुसऱ्याच्या शरीराबद्दल विचारतो.

डॉक्टर किंवा नर्सबाई पाळी कधी आली, निरोध वापरता का, एकापेक्षा जास्त जोडीदार आहेत का, असे विचारतात. उपचारासाठी ते लागते, तेव्हा खरे सांगावे. रांगेतल्या सगळ्यांसमोर विचारले तर "मॅडम, आत सांगते" म्हणावे. "हे कशासाठी लागतंय?" असेही विचारता येते. सोबत आलेल्या सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगणे हा त्यांचा अपमान नव्हे. दाढ काढायला गेलेल्याला मात्र तो कोणाबरोबर झोपतो ही चौकशी कशाला हवी?

कायदाही हेच सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि लैंगिक कल त्यातच येतो असे म्हटले. पुढच्या वर्षी, ६ सप्टेंबरला, सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही आपला एचआयव्हीचा अहवाल सांगायला भाग पाडता येत नाही. तृतीयपंथी माणसाला "ऑपरेशन झालंय का?" असे चारचौघांत विचारणे म्हणजे त्याला उघडे करणेच.

घरातला मुलगा किंवा मुलगी आपणहून काही सांगू लागली तर ऐकावे. ते लगेच मामाच्या, आत्याच्या कानी घालू नये. कोणाला सांगायचे, हे त्याच्या किंवा तिच्या हातात राहू द्यावे.

एका ठिकाणी मात्र खासगीपणाचे कारण सांगून गप्प बसू नये. लहान मूल एकाएकी गप्प झाले, एखाद्या माणसाजवळ जायला घाबरू लागले, तर उलटतपासणी न करता जवळ बसून "काही सांगायचंय का? मी रागावणार नाही" एवढे म्हणावे. कोणी त्याच्याशी वाईट वागले असे कळले, तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे. रात्रीही लागतो.