यजमान जागा झाला, पाहुण्याचं नेट कुठं गेलं?

सोलापुरातल्या क्लासमध्ये लॅपटॉपचं झाकण मिटायचं, अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला यायचं आणि विडी घरकुलातल्या घरी फोनच्या हॉटस्पॉटवर तो उघडायचा. विंडोजमध्ये यूट्यूब झकास चालतं, पण व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतल्या उबुंटूत एक पान उघडत नाही. मग 'हे उबुंटूच बिघडलंय' म्हणत ते नव्यानं टाकायचा घाट घातला जातो. पाच जीबीच्या वरची फाईल, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर!

बिघडलेलं काहीच नसतं.

मुचकुंदाची झोप

लॅपटॉप हा यजमान, आतलं व्हर्च्युअल मशीन हा त्याचा पाहुणा. यजमान झोपला की पाहुणा त्याच क्षणी गोठतो. आपण झोपलो होतो हेच त्याला ठाऊक नसतं. पुराणातला मुचकुंद युगं उलटल्यावर गुहेत जागा झाला, तेव्हा माणसं खुजी झालेली निदान त्याला दिसली तरी. पाहुण्याला तेवढंही दिसत नाही. त्याच्या लेखी नेटवर्कची वायर जोडलेलीच असते, क्लासच्या राउटरनं दिलेल्या आयपी पत्त्याची मुदतही संपलेली नसते. मग नवा पत्ता तो मागेल कशाला?

ब्रिज्ड की नॅट?

'ब्रिज्ड' जोडणीत पाहुणा थेट राउटरकडून पत्ता घेतो. क्लासमध्ये १९२.१६८.१.२५ मिळाला असेल, तर घरी फोनची पत्त्यांची मालिका वेगळी आणि बाहेर पडायचं दारही वेगळं. पाहुणा मात्र जुनंच दार ठोठावत राहतो.

'नॅट'मध्ये यजमानच मध्ये उभा असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्याचा पत्ता सहसा १०.०.२.१५ आणि दार १०.०.२.२. जागा बदलली तरी हे बदलत नाही. इथं अडतं ते बहुधा नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसपाशी. ८.८.८.८ला पिंग जातो, पण साइटचं नाव टाकलं की काही सापडत नाही, ही त्याची खूण. रोज क्लास-घर करणाऱ्यानं नॅटच ठेवावं. दुसऱ्या संगणकावरून पाहुण्यापर्यंत थेट पोचायचं असेल, तरच ब्रिज्डच्या भानगडीत पडावं.

वायर उपटा, परत लावा

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह असतं. त्यावर राइट क्लिक करून 'कनेक्ट नेटवर्क अ‍ॅडॅप्टर'ची खूण काढा, पाचपर्यंत मोजा, पुन्हा खूण करा. वायर निघून परत लागली असं पाहुण्याला वाटतं आणि तो नवा पत्ता मागतो. दोन्ही प्रकारच्या जोडणीत बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. उबुंटूतलं 'वायर्ड' बंद-चालू केलं तरी चालतं. पाहुणा विंडोज असेल तर 'आयपीकॉन्फिग' आधी रिलीजसह, मग रिन्यूसह चालवा.

घड्याळ मागं पडलंय का?

नेट आलं, तरी अपडेट करताना 'ही फाईल अजून वैध नाही' अशी तक्रार उबुंटू करू शकतं. पाहुण्याच्या घड्याळात अजून क्लास सुटायचाच असतो, त्यामुळे अपडेटची ताजी यादी त्याला भविष्यातली वाटते. पाहुण्यात व्हर्च्युअलबॉक्सचे 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' टाकलेले असतील तर घड्याळ यजमानाशी जुळवून घेतलं जातं.

रोजचीच कटकट असेल तर

व्हर्च्युअलबॉक्ससोबतच्या 'व्हीबॉक्समॅनेज'च्या आज्ञेनं हीच वायर काढता-लावता येते. विंडोजच्या टास्क शेड्युलरला लॅपटॉप जागा झाल्यावर ती आज्ञा चालवायला सांगता येतं. मी मात्र निघताना पाहुण्याला सरळ शटडाउन करतो. घरी तो नव्यानं सुरू होतो आणि पत्ताही नव्यानं मागतो.