पोर्तुगीज भाषेतील विनयदर्शक भविष्यकाळ आणि संकेतार्थ : मराठीभाषकाच्या दृष्टीने एक विचार

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव म्हणजे एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामध्ये दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी आहे. सिंधुदुर्ग हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाल्यानंतरच्या काळात या गावातील अनेक घरे पाहुण्यांची निवासस्थाने झाली. अशा घराच्या अंगणात पुण्याहून वा मुंबईहून आलेला गृहस्थ उभा राहतो आणि म्हणतो, ''दोन दिवसांसाठी एक खोली हवी होती.'' खोली त्याला काल हवी होती आणि आज नको आहे, असा अर्थ कोणीही घेत नाही. क्रियापद भूतकाळाचे आहे. गरज वर्तमानातील आहे. मागणीची धार बोथट व्हावी, नकार देणाऱ्यालाही तो सहजपणे देता यावा, एवढ्यासाठी बोलणाऱ्याने आपली गरज काळाच्या एका पायरीने मागे सरकवली आहे.

लिस्बन शहरातील कॉफीगृहात शिरलेला मनुष्य हेच करतो. 'केरो' म्हणजे 'मला हवे आहे'. हे रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी अपरिचितापुढे ते काहीसे उद्धट वाटते. म्हणून तो 'केरीया उम काफे' असे म्हणतो. 'केरीया' हे अपूर्ण भूतकाळाचे रूप आहे. शब्दशः अर्थ 'मला एक कॉफी हवी होती'. यावर थट्टेखोर वेटरने ''हवी होती? म्हणजे आता नको?'' असे विचारावे, हा पोर्तुगालमधील जुना, घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे. देवबागच्या अंगणातही तो तितकाच शोभला असता. दोन भाषांतील हे साम्य उसनवारीचे मानण्याचे कारण नाही. बटाटा, पगार, चावी, घमेले, लिलाव असे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले; परंतु मागणीला भूतकाळाचा पडदा लावण्याची रीत जगातील अनेक भाषांत स्वतंत्रपणे आढळते. नाम उसने घेता येते, शिष्टाचाराचे व्याकरण बहुधा घरीच घडते.

साम्य इथपर्यंत आहे. पुढे मात्र वाट फुटते, आणि पोर्तुगीज शिकणारा मराठीभाषक नेमका तेथेच चुकतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच जागेचा विचार केला आहे. (पोर्तुगीज शब्दांचे देवनागरी लिप्यंतर येथे लेखनानुसारी व स्थूल आहे, उच्चार पोर्तुगाल आणि ब्राझील येथे भिन्न आहेत.)

रूपांची घडण

पोर्तुगीजमधील साधा भविष्यकाळ आणि ज्यास पोर्तुगालमध्ये परंपरेने 'कोंदिसियोनाल' म्हणतात ते संकेतार्थी रूप, ही दोन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत. लोकभाषेतील लॅटिनमध्ये मूळ धातुरूपापुढे 'असणे, जवळ असणे' या अर्थाचे सहायक क्रियापद जोडले जाई. ते वर्तमानकाळी असेल तर त्यातून भविष्यकाळ झाला आणि अपूर्ण भूतकाळी असेल तर संकेतार्थ. 'कांतारेइ' म्हणजे 'गाईन' आणि 'कांतारिया' म्हणजे 'गाईन' व 'गायलो असतो' यांच्या मधले काहीतरी. या 'मधल्या' जागेकडे पुढे वळावयाचे आहे. जोडाची खूण आजही शिल्लक आहे. औपचारिक लेखनात सर्वनाम क्रियापदाच्या पोटात शिरते. 'दार-ल्ये-इया' (त्यांना देईन, विनयाने) यात 'दार' हा धातू, 'ल्ये' हे सर्वनाम आणि 'इया' हा प्रत्यय. बोलण्यात हे रूप दुर्मीळ झाले आहे. ब्राझीलमध्ये तर ते जवळजवळ ग्रंथापुरतेच उरले आहे.

नावाचाही प्रश्न आहे. ब्राझीलने 1959 साली निश्चित केलेल्या व्याकरण-परिभाषेत या रूपाला 'भूतकाळाचा भविष्यकाळ' असे नाव दिले. हे नाव मराठीभाषकाला अधिक उपयोगी ठरावे. कारण 'संकेतार्थ' हा शब्द ऐकताच मराठी व्याकरण शिकलेल्याच्या मनात 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' हे वाक्य उभे राहते, आणि या एका वाक्याने बराच घोटाळा केलेला आहे.

'आवडेल' आणि 'आवडले असते'

'गोस्तारिया दे ओ कोंविदार' हे पोर्तुगीज निमंत्रणातील नेहमीचे वाक्य आहे. 'गोस्तार' म्हणजे आवडणे आणि 'गोस्तारिया' हे त्याचे संकेतार्थी रूप. विद्यार्थी कोष्टकाप्रमाणे भाषांतर करतो : 'मला आपणांस बोलवायला आवडले असते.' मराठी वाचकाच्या दृष्टीने हे निमंत्रण राहत नाही, तर दिलगिरी होते. बोलवायचे मनात होते, पण जागा नाही, किंवा जमले नाही, असा अर्थ त्यातून निघतो. मूळ लेखकाने हात पुढे केला होता; भाषांतराने तो मागे घेतला. योग्य मराठी रूप साध्या भविष्यकाळाचे आहे : 'आपणांस निमंत्रण द्यायला आवडेल', किंवा त्याहून स्वाभाविक, 'आपणांस निमंत्रित करावेसे वाटते'.

उलट दिशेचा प्रमादही तितकाच सहज घडतो. 'मला गोव्याला यायला आवडेल' हे वाक्य पोर्तुगीजमध्ये नेताना विद्यार्थी भविष्यकाळाच्या बदली भविष्यकाळ ठेवतो आणि 'गोस्तारेइ' लिहितो. हे भाकीत झाले : गोवा मला आवडेल, असा अंदाज. इच्छा त्यातून व्यक्त होत नाही. तेथे 'गोस्तारिया' हवे, अथवा पोर्तुगालमधील बोलीप्रमाणे अपूर्ण भूतकाळाचे 'गोस्तावा'.

थोडक्यात, मराठीतील 'असता-असते' हे दार बंद झाल्याचे सांगणारे रूप आहे. पोर्तुगीजमध्ये तेवढ्यासाठी संयुक्त रूप वेगळे आहे : 'तेरिया गोस्तादो', म्हणजे 'आवडले असते'. साधे '-रिया' रूप दार उघडे ठेवते. मराठीत हे उघडे दार भविष्यकाळ सांभाळतो आणि त्याच्या जोडीला विध्यर्थ. 'आपण आलात तर बरे होईल' आणि 'आपण आला असतात तर बरे झाले असते' या दोन वाक्यांतील अंतर कोणत्याही मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. पहिले आमंत्रण, दुसरे गाऱ्हाणे.

प्रश्नरूप विनंती

आज्ञेऐवजी प्रश्न विचारणे हा दोन्ही भाषांचा आवडता मार्ग आहे. 'जरा सरकाल का?', 'सांगू शकाल का?' येथे मराठी भविष्यकाळ वापरते. पोर्तुगीज 'पोदिया' (अपूर्ण भूत) वा 'पोदेरिया' (संकेतार्थ) वापरते. दुसरे अधिक औपचारिक. 'खिडकी लावाल का?' या साध्या विनंतीसाठी 'खिडकी लावण्यास आपली हरकत असेल का?' अशी संकेतार्थी रचना तेथे रूढ आहे. त्या वाक्यातील 'झानेला' हा शब्द कोकणीभाषकाला 'जनेल' म्हणून ओळखीचा वाटेल, हा जाता जाता मिळणारा आनंद.

मराठीत भविष्यकाळाची दोन रूपे मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'उद्या येणार का?' हा बेत विचारणारा प्रश्न आहे. 'उद्या याल का?' ही विनंती आहे. दक्षिण कोकणातील मालवणी बोलीत हा भेद वेगळ्या प्रकारे हाताळला जातो. 'रवतलात?', 'जेवतलात?' हे '-तल-' प्रत्ययाचे भविष्यकाळी रूप चौकशी आणि आग्रह ही दोन्ही कामे करते. यजमानीण 'चाय घेतलात?' असे विचारते तेव्हा ती 'चहा घेणार ना?' असे विचारत असते. घाटावरच्या पाहुण्याच्या कानावर मात्र ते प्रमाण मराठीतील भूतकाळी 'घेतलात' म्हणून पडते, आणि तो 'अजून नाही' असे उत्तर देतो. उत्तर चुकले तरी चहा येतोच. 'घे' या धातूच्या बाबतीत ही दोन रूपे कानाला सारखी झाली आहेत. कर्त्याची विभक्ती पाहिली की बोलीतील भेद कळतो. भविष्यकाळात कर्ता प्रथमेत राहतो, भूतकाळात तृतीयेचे रूप घेतो.

पोर्तुगीजमध्ये या रूपांना संबोधनाचीही जोड लागते. 'तू' हे सर्वनाम तेथेही एकवचनी, जवळिकीचे आहे. दोन्ही भाषांच्या समान प्राचीन पूर्वजाकडून आलेले. 'वोसे' हे 'वोसा मेर्से' म्हणजे 'आपली कृपा' या आदरार्थी संबोधनाचे झिजलेले रूप. ब्राझीलच्या मोठ्या भागात ते सर्रास चालते, तर पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना 'वोसे' म्हणणे खटकू शकते. तेथे 'उ सेन्योर' किंवा 'आ सेन्योरा' हवे. क्रियापद मात्र या तिन्ही संबोधनांबरोबर तृतीयपुरुषीच. क्रियापद कितीही विनयशील असले तरी संबोधन चुकल्यास विनय फुकट जातो. मराठीत 'तू जरा सरकाल का' अशी चूक कोणी करत नाही, एवढाच फरक.

भविष्यकालीन संशयार्थ

'से किझेर' (आपली इच्छा असल्यास), 'से पुदेर' (जमल्यास), 'क्वांदो पुदेर' (सवड होईल तेव्हा) ही रूपे पोर्तुगीजचे वैशिष्ट्य आहे. आधुनिक स्पॅनिशच्या रोजच्या बोलण्यातून असे रूप नाहीसे झाले आहे. पोर्तुगीजने ते दैनंदिन व्यवहारात जिवंत ठेवले आहे. मराठी विद्यार्थी 'आपण याल तर' या धर्तीवर 'से' नंतर साधा भविष्यकाळ 'विरा' ठेवतो. तेथे 'विएर' हवे. त्याला '-ल्यास' प्रत्ययाची आठवण करून दिली की काम सोपे होते. 'जमल्यास', 'शक्य झाल्यास', 'वेळ मिळाल्यास' हे कार्यालयीन मराठीतील शब्द नेमके याच कामाचे आहेत, आणि त्यांतही धातूला स्वतःचा काळ उरत नाही.

अनुमान आणि ऐकीव वार्ता

विनयाच्या मुळाशी ठामपणा टाळणे असल्यामुळे हीच रूपे अनुमानालाही लागतात. 'सेरांव देझ ओरास' म्हणजे 'दहा वाजले असतील'. येथे मराठी आणि पोर्तुगीज हातात हात घालून चालतात. तेच अनुमान भूतकाळाविषयी असेल तर 'सेरियांव' : 'दहा वाजले असावेत'. येथे संकेतार्थाचे भाषांतर मराठी विध्यर्थाने करावे लागते. 'वाजले असते' हे चुकीचेच.

हा भेद केवळ वर्गापुरता नाही. 1961 पर्यंत गोव्याचा सरकारी कारभार पोर्तुगीजमधून चालला. पणजीच्या अभिलेखागारातील कागद वाचून कोकणाचा इतिहास लिहिणाऱ्यास या रूपांशी सामना टळत नाही. पोर्तुगीज गद्यात, विशेषतः आधुनिक वृत्तपत्रीय लेखनात, 'तेरिया दितो' याचा अर्थ 'म्हणाला असता' असा नसून 'म्हणाला असे सांगतात' असाही असतो. लेखक ऐकीव वार्तेची जबाबदारी नम्रपणे अंगावेगळी करत असतो. अभ्यासकाने त्याचे 'म्हणाला असता' केले तर कथित घटना न घडलेली ठरते आणि 'म्हणाला' केले तर ती सिद्ध ठरते. मराठीत 'म्हणे' हा छोटा शब्द हे काम करतो, परंतु संशोधनपर लेखनात तो उपहासाचा वाटतो. 'म्हटल्याचे सांगितले जाते' हेच बरे.

जुन्या अर्जांच्या शेवटी येणारी 'ए रेसेबेरा मेर्से' ही आद्याक्षरांनी लिहिली जाणारी अक्षरेही याच वर्गातील आहेत. शब्दशः 'आणि (अर्जदारास) कृपा प्राप्त होईल'. व्याकरणाने हे विधान आहे, पण प्रत्यक्षात ती याचना आहे. याच जागी मराठी पत्रलेखक विध्यर्थ वापरतो : 'लोभ असावा', 'कृपा असावी'. 'कृपा होईल' असे शब्दशः भाषांतर अर्जदाराला आत्मविश्वासू बनवते. 'कृपा व्हावी' असे लिहिले म्हणजे तो पुन्हा दारात हात जोडून उभा राहतो.